एक जागा मिळाली, दुसरीचं काय?

मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. अभ्यासक्रमाला प्रवेश झाला की आपण म्हणतो, 'जागा मिळाली'. राहायला खोली मिळाली तरी म्हणतो, 'जागा मिळाली'. शब्द एकच, पण दोन जागांच्या वाट्याला आलेलं नशीब किती वेगळं! पहिलीसाठी गुणवत्ता यादी लागते, फेऱ्या होतात, हरकतींना मुदत असते, गडबड झाली तर माणूस कोर्टात जातो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. दुसरीसाठी असतो एक दलाल, खांबावर चिकटवलेला एक कागद आणि फोनवरचं ठरलेलं वाक्य, 'आत्ताच गेली हो.' पहिली जागा समाजाचा प्रश्न आणि दुसरी ज्याची त्याची कटकट, ही वाटणी कुणी केली, कधी केली?

प्रवेशाचा हंगाम आला की यावर दरवर्षी वाद पेटतो, आणि दरवर्षी झुंज लावली जाते ती घरमालक आणि विद्यार्थी यांच्यात. एक बाजू सांगते की मालक अडलेल्या पोरांना लुटतात. दुसरी सांगते की हल्लीच्या मुलांना सगळं आयतं हवं असतं, आमच्या वेळी आम्ही एका खोलीत आठ जण राहिलो. दोन्हीकडून पुरावे येतात आणि दोन्हीकडचे पुरावे खरे असतात, म्हणूनच वाद हलत नाही. ज्याने जागा भरल्या, शुल्क घेतलं आणि 'शहराच्या मध्यवर्ती भागात' अशी स्वतःची जाहिरात केली, तो तिसरा माणूस कुंपणावर बसून झुंज बघत राहतो. माझं म्हणणं त्याच्याबद्दल आहे. मोठ्या शहरातल्या शिक्षणसंस्थेने जेवढी डोकी वर्गात घेतली, तेवढी डोकी रात्री कुठे टेकणार याचा हिशेब तिने दिला पाहिजे, आणि तिला जागा वाढवायची परवानगी देणाऱ्या सरकारने तो मागितला पाहिजे. सगळ्यांना इमारती बांधून द्या असं मी म्हणत नाही. हिशेब द्या, असं म्हणतो.

आधी ही 'दुसरी जागा' जवळून बघू. मी अनोळखी शहरात शिकायला गेलो तेव्हा माझ्या वहीच्या मागच्या पानावर पंधरा फोन नंबर होते आणि त्यातले अकरा खोडलेले. बाराव्याने बोलावलं. जाहिरातीतल्या फोटोत हिरवा पडदा, खिडकीत कुंडी. प्रत्यक्षात पडदा तोच होता, पण त्यामागे खिडकी नव्हती, पाइपांचा डक्ट होता. तीन खाटा, चौथी गादी गुंडाळून खाटेखाली. एका लोखंडी कपाटातला खालून दुसरा कप्पा 'तुमचा'. भिंतीत एकच प्लग, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर चार चार्जर. टेबल कुठे आहे, असं विचारलं तर दलाल मनापासून चकित झाला. 'टेबल कशाला? लायब्ररी असते ना?' मग घड्याळ बघून म्हणाला, संध्याकाळपर्यंत सांगा, खाली दोघं थांबलेत. मला वाटलं, ही नेहमीची थाप. खाली उतरलो तर खरंच दोघं उभे होते, हातात माझ्यासारख्याच वह्या. त्यातल्या एकाने माझ्यापेक्षा जास्त भाडं कबूल केलं आणि खोली घेतली. पुढे तोच माझा वर्गमित्र झाला. त्याने मला हरवलं असं मला तेव्हा वाटायचं. आम्हा तिघांना त्या जिन्याखाली कुणी उभं केलं, हा प्रश्न खूप उशिरा पडला.

आता विरोधातला पहिला भक्कम मुद्दा. मागणी आहे तिथे पुरवठा येईलच; आज टंचाई आहे म्हणून भाडं जास्त आहे, भाडं जास्त आहे म्हणून उद्या लोक बांधतील. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात हे बरोबर आहे, आणि ज्या शहरांनी बांधकामाला मोकळीक दिली तिथे एकूण घरभाड्याचा दाब कमी झालेला दिसतो, हेही मान्य. पण हा बाजार इतर बाजारांसारखा आहे का? इथे सगळी गिऱ्हाइकं वर्षातल्या दोन-तीन आठवड्यांत एकदम येतात, सगळ्यांची शेवटची तारीख एकच असते, आणि ती विकणाऱ्यालाही ठाऊक असते. गिऱ्हाईक परगावचं, शहराची गल्लीबोळ माहीत नसलेलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच भाडेकरार वाचणारं. भाजीवाल्याने एकदा फसवलं तर आपण दुसऱ्याकडे जातो, आणि या भीतीनेच भाजीवाला बरा वागतो. इथे विकणारा दरवर्षी विकतो आणि घेणारा जन्मात एकदोनदा घेतो. गिऱ्हाईक शहाणं होईपर्यंत त्याचा अभ्यासक्रम संपतो, आणि पुढच्या वर्षी नवं, कोरं गिऱ्हाईक दारात उभं. शिवाय इमारत उभी राहायला चार-पाच वर्षं लागतात, पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. बाजार सुधारेल, थांबा, हे सांगायचं कुणाला? जो थांबला त्याचं शिक्षण सुटलं.

मग भाडं गोठवा, अशी मागणी माझ्याच बाजूचे लोक करतात. इथे मला त्यांच्यापासून थोडं दूर सरकावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ साली भाडेनियंत्रण छोट्या जुन्या इमारतींना लागू केलं. त्याचा अभ्यास स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. आत राहत असलेल्या भाडेकरूंना त्याचा फायदा झाला, पण नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली. विकली, रूपांतरित केली, पाडून नवी बांधली. मुंबईतही १९४७ च्या कायद्याखाली भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, हा इतिहास आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. आणि या सगळ्यात विद्यार्थी कुठे असतो? गोठवलेलं भाडं आत असलेल्याला वाचवतं. विद्यार्थी तर कायम दाराबाहेरचा, कायम नव्याने आलेला. त्याच्यासाठी गोठवलेलं घर म्हणजे कधीच रिकामं न होणारं घर. तेव्हा सरसकट भाडं गोठवणं हे त्याचं औषध नाही, हे मोकळेपणाने मान्य करू या.

पण भाडं गोठवणं आणि लिलाव थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या त्या जिन्याखाली जे झालं तो लिलाव होता, आणि त्यावर बंदी ही काही आजची डावी टूम नाही. विद्यापीठं जेमतेम जन्माला येत होती तेव्हा, ११८९ साली, पोप तिसऱ्या क्लेमेंटने इटलीतल्या बोलोन्याच्या मास्तरांना आणि विद्यार्थ्यांना बजावलं होतं की दुसरा विद्यार्थी राहत असलेल्या घरासाठी मालकाला जास्त भाडं देऊ करायचं नाही. इंग्लंडने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा वरची बोली घ्यायला मालकांना मनाई केली. दोन्हींमध्ये आठशे छत्तीस वर्षांचं अंतर आहे, आणि दुखणं तेच.

या जुन्या इतिहासाकडे मी मुद्दाम वळतो, कारण 'शिकवणं हे संस्थेचं काम, मुलांना ठेवून घेणं नव्हे' असं जेव्हा ठासून सांगितलं जातं, तेव्हा सांगणाऱ्याला वाटतं की तो परंपरेच्या बाजूने बोलतोय. परंपरा नेमकी उलटी आहे. १२०९ मध्ये ऑक्सफर्डला एक स्त्री मारली गेली. ज्याच्यावर आळ होता तो विद्यार्थी पळाला, आणि गावाने त्याच्याबरोबर एकाच भाड्याच्या घरात राहणाऱ्या सोबत्यांना धरून फाशी दिली. मास्तर आणि विद्यार्थी गाव सोडून गेले. त्यातले काही केंब्रिजला पोचले आणि तिथल्या विद्यापीठाची सुरुवात त्यातून झाली. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने समेट केला. त्याच्या अटी काय होत्या? विद्यार्थी राहत असलेल्या घरांचं भाडं दहा वर्षं निम्मं. १२३१ मध्ये इंग्लंडच्या राजाने केंब्रिजला कळवलं की विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं दोन मास्तर आणि गावातले दोन भले लोक यांनी मिळून ठरवावं. त्याच वर्षी पोप नवव्या ग्रेगरीने पॅरिसच्या विद्यापीठाला अधिकार दिला की वाजवी भाडं ठरवायला नकार मिळाला तर वर्ग बंद ठेवा. वर्ग बंद! शिकवण्याचं काम थांबवण्याइतकी राहण्याची जागा महत्त्वाची मानली गेली, ती शिकवणाऱ्यांनीच मानली. ज्या संस्थांच्या नावाने आज पदव्यांचे झगे घालून मिरवतात, त्यांच्या पायातला दगड घरभाड्याचा आहे. तो विसरायचा आणि झगा तेवढा ठेवायचा, हे चालणार नाही.

'आम्हीही हालात राहिलो' हा मुद्दा उरतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो सांगणारी माणसं बहुधा प्रेमळ आणि खरी असतात. हालांनी माणूस घडतो, हे मी नाकारत नाही. मीही त्या वहीच्या पानाने थोडासा घडलोच. पण ही आठवण सांगायला कोण उरतं? जो टिकला तो. ज्याला तीन आठवड्यांत खोली मिळाली नाही आणि जो गाडीत बसून परत गेला, तो कुठल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भाषण करायला येतो? शिवाय त्या आठ जणांच्या खोलीत शिरायलाही एक ओळख लागायची. गावचा कुणी, जातीचा कुणी, मामाच्या ऑफिसातला कुणी. ज्याच्याकडे असा धागा नव्हता त्याला हालसुद्धा उपलब्ध नव्हते. शाहू महाराजांनी हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं. नुसती शाळा-कॉलेजं उघडून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात उतरायला छप्पर लागतं, हे लक्षात घेऊन त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि अशी वसतिगृहांची रांगच उभी केली. समाजासमाजासाठी वेगळी वसतिगृहं का, असं आज विचारता येतं आणि विचारावंही. पण त्या काळी खुली खोली खुली नसायची. १९१७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या आंबेडकरांना बडोद्यात नोकरीवर रुजू होताना राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावं लागलं, आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. पदवी होती, पगार होता, खोली नव्हती. आज फोनवर आडनाव ऐकून 'आत्ताच गेली हो' म्हटलं जातं तेव्हा लाठी दिसत नाही, एवढाच फरक. आणि हे केवळ आपल्याकडचं नाही. नाव बदलून तोच अर्ज पाठवायचा आणि उत्तरं मोजायची, असे प्रयोग कितीतरी देशांत झाले आहेत, आणि नावानुसार उत्तर बदलतं हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. प्रवेशाच्या यादीत हा भेदभाव झाला तर आपण पेटून उठतो. तो खोलीच्या दारात झाला की आपण म्हणतो, घर त्याचं, मर्जी त्याची.

मर्जी त्याची, हेही काही अगदी चूक नाही. मालकांपैकी पुष्कळजण निवृत्त जोडपी आहेत, एका खोलीच्या भाड्यावर औषधं चालवणारी. परीक्षा संपली की किल्ली खिळ्याला अडकवून पोरं गायब होतात, तिघांच्या करारावर सहा जण राहतात, रात्री दोनला शेजारी भांडायला येतात. हे सगळं होतं. विद्यार्थ्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, मग हमी कशाची? भीती खरी आहे. पण या भीतीची किंमत कोण देतं ते बघा: गेल्या वर्षीच्या टारगटाने भिंत रंगवली, म्हणून यंदाच्या गरीब मुलीकडून जादा डिपॉझिट. यावरचे इलाज कुणी शोधायचे बाकी नाहीत. फ्रान्समध्ये २०१६ पासून 'व्हिसाल' नावाची हमी आहे. तरुण भाडेकरूने भाडं थकवलं तर ती व्यवस्था मालकाला पैसे देते आणि नंतर भाडेकरूकडून वसूल करते. इंग्लंडमध्ये २००७ पासून डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवावं लागतं, आणि भांडण झालं तर तिऱ्हाईत निकाल देतो. आणि सगळ्यांत साधा उपाय: संस्थेनेच दहा-वीस-पन्नास घरं स्वतःच्या नावाने भाड्याने घ्यावीत आणि मुलांना द्यावीत. मालकाला ठरलेल्या तारखेला भाडं, मोडतोडीला उत्तर देणारं कुणीतरी. मुलाला तक्रार करायला एक खिडकी. जन्मात एकदा घेणाऱ्याच्या जागी दरवर्षी घेणारा आला की त्या एकतर्फी बाजाराचा तोलच बदलतो.

ऑक्सफर्ड-केंब्रिजनेही एकोणिसाव्या शतकात, मुलं कॉलेजच्या भिंतींत मावेनाशी झाली तेव्हा, गावातल्या घरांना परवाना देण्याची पद्धत बसवली होती. परवाना नसलेल्या घरात विद्यार्थ्याने राहायचं नाही. याला वीट लागत नाही, दोन माणसं आणि एक नोंदवही लागते. म्हणून तर मी 'हिशेब' म्हणतो. किती जागा भरल्या, त्यात परगावचे किती, आपल्या खाटा किती, तपासलेल्या बाहेरच्या खोल्या किती, आणि उरलेल्यांचं काय. ही पाच आकड्यांची एक ओळ माहितीपुस्तिकेत शुल्काच्या शेजारी छापा. प्रयोगशाळेत किती खुर्च्या आहेत हे तपासल्याशिवाय तुकडी वाढवायला परवानगी मिळत नाही. मग खाटेने काय घोडं मारलंय?

हिशेब न ठेवल्याने काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने दाखवलं. विद्यार्थी वाढवत नेले, घरं वाढवली नाहीत, शेवटी शेजारच्या रहिवाशांनी कोर्ट गाठलं. मार्च २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, खालच्या कोर्टाने विद्यार्थिसंख्येवर घातलेली मर्यादा उठवायला नकार दिला आणि विद्यापीठावर सुमारे तीन हजार जागा कमी करण्याची वेळ आली. अकरा दिवसांत घाईघाईने कायदा बदलून ती टाळावी लागली. पहिली जागा आणि दुसरी जागा एकच आहे, हे तिथे न्यायालयात जाऊन कळलं. कॅनडाने तर २०२४ च्या सुरुवातीला परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवरच मर्यादा घातली, घरांच्या टंचाईचं कारण पुढे करून. आणि इथे स्थानिकांचा राग समजून घ्यायला हवा. मुलांच्या झुंडी आल्या की आमची भाडी चढतात, ही तक्रार खोटी नाही. पण ज्या संस्थांनी शुल्कासाठी झुंडी बोलावल्या त्यांचा उल्लेख बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात, आणि शिक्षा आधी मुलांना.

मात्र नुसते आकडे मोजले की काय निपजतं, याचाही नमुना कॅलिफोर्नियातच आहे. सांता बार्बरा इथे साडेचार हजार विद्यार्थ्यांचं एकच अवाढव्य वसतिगृह आखलं गेलं, ज्यातल्या बहुसंख्य खोल्यांना खिडकीच नव्हती. देणगीदार अब्जाधीशाचा तसा आग्रह होता. २०२१ मध्ये सल्लागार वास्तुरचनाकाराने राजीनामा दिला, गदारोळ झाला, दोन वर्षांत योजना बारगळली. हिशेबाच्या ओळीत ते साडेचार हजार खाटा म्हणून फार सुरेख दिसलं असतं. म्हणून त्या ओळीत खिडकी आणि टेबलही धरा. याउलट पॅरिसने १९२५ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत, शहराच्या पाडलेल्या तटबंदीच्या जागेवर देशोदेशींच्या विद्यार्थ्यांसाठी अख्खी वसाहत उघडली. पुढे तिथे भारताचंही घर उभं राहिलं. ज्या जमिनीवर तोफा ठेवायच्या होत्या तिथे खाटा आल्या. जमीन नाही, असं सांगणाऱ्या प्रत्येक शहराकडे कुठली ना कुठली जुनी तटबंदी पडून असते.

'मग लांब राहा, प्रवास करा' असंही सांगतात. जाऊन-येऊन रोजचे चार तास धरले तर पाच दिवसांचे वीस तास होतात. अर्ध्या नोकरीइतका वेळ. संध्याकाळचं प्रॅक्टिकल, रात्रीची अभ्यासिका, गटात बसून सोडवलेलं गणित, सगळं त्या वीस तासांत जातं, आणि मुलींच्या बाबतीत शेवटच्या गाडीच्या आधी निघायचं म्हणून त्याहून जास्त. यावर अधिक काय लिहायचं?

माझ्या प्रवेशअर्जात एक रकाना होता, 'स्थानिक पत्ता', आणि त्याच्यापुढे सक्तीची फुली. मी तो कोरा ठेवून खिडकीपाशी गेलो. आतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. अजून जागा मिळाली नाही, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, 'मिळाली की. यादीत नाव आहे तुमचं.' मग चूक लक्षात येऊन जराशा हसल्या आणि सांगितलं, काहीतरी लिहा हो, कुणी बघत नाही. मागे रांग होती. मी समोरच्या भिंतीवर रंगवलेला संस्थेचाच पत्ता उतरवून दिला. त्यांनी शिक्का मारला.